चिंचोक्यांचा जागतिक बाजार

३ फेब्रुवारी, मंगळवार

दादाने व्हॉट्सॲपवर एक अहवाल पाठवला. 'जागतिक चिंचोका पावडर बाजार, २०२५ ते २०३२.' खाली त्याचा मेसेज — 'लुंबे, वाच. आपलं नशीब यात हाय.'

वाचायची गरज नव्हती. मीच लिहिलाय.

४ फेब्रुवारी

काल पुढे लिहवलं नाही. आज लिहिते.

पुण्याची एक कंपनी बाजारांचे अहवाल विकते. ज्या वस्तूला बाजार आहे तिचा अहवाल, आणि ज्या वस्तूला नाही तिचाही. मी नांदेडला घरी बसून ते लिहिते. एम.कॉम. करून रिकामी बसले होते, तेव्हा हे काम मिळालं. अहवालावर माझं नाव नसतं. 'आमचा संशोधन चमू' असं असतं. चमू म्हणजे मी, आणि ऊन वाढलं की पंख्याखाली येऊन झोपणारं शेजारचं मांजर. घरात सगळ्यांना एवढंच माहीत, की लुंबिनी कंपनीचं काही काम करते.

चिंचोक्यांचा अहवाल मागच्या ऑगस्टमधला. चिंचोक्याची पावडर सुताला खळ द्यायला लागते, तागाच्या गिरणीत लागते, जेलीत लागते — इथपर्यंत सापडलं. बाजार केवढा आणि वाढतो किती, हे कुठेही सापडेना. शेवटी शिल्पा मॅडमना विचारलं. त्या माझ्या वरच्या. म्हणाल्या, "वाढीचा दर पाच ते नऊच्या मध्ये ठेव. पाचाखाली कोणी विकत घेत नाही, नवाच्या वर लोक प्रश्न विचारतात." मी ६.८ टक्के लिहिले. नुसतं सात लिहिलं की अंदाज वाटतो, ६.८ लिहिलं की अभ्यास वाटतो.

शिवाय 'मराठवाडा हे उदयोन्मुख केंद्र' असं एक वाक्य घातलं. त्याला आधार काहीच नव्हता. आपल्या भागाचं नाव कधी कुठल्या अहवालात येत नाही, म्हणून घातलं.

६ फेब्रुवारी

दादाला फोन केला. गाडी मुखेडच्या डेपोत लावून चहा पीत होता. तो एसटीत कंडक्टर आहे, आमच्याच नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडला राहतो; माय माझ्याकडे. बाबा गेले तेव्हा मी शाळेत होते. पुढचं सगळं घर त्याने तिकिटं फाडून चालवलं, माझं एम.कॉम.सुद्धा.

आता त्याला चिंचोका पावडरचा कारखाना टाकायचा आहे. त्यासाठी मार्चमध्ये राजीनामा देणार. पर्मनंट नोकरीचा राजीनामा!

मी आधी गोडीत घेतलं. म्हटलं, दादा, नेटवर दिसतं ते सगळं खरं नसतं. लिहिलं कोणी, आकडा आणला कुठून, लिहिण्यात फायदा कोणाचा, हे बघावं लागतं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"बघितलं की. चार ठिकाणी तोच आकडा हाय. चार जण मिळून खोटं बोलतील व्हय?"

चार?

७ फेब्रुवारी

चारही ठिकाणं शोधली.

एक — उद्योगांच्या बातम्या देणारी वेबसाइट. 'एका अहवालानुसार ६.८ टक्के.' तो अहवाल माझा.

दोन — दळणाची यंत्रं विकणारा कोणी गुजरातचा. आकडा तोच आणि मराठवाड्याचं वाक्य जसंच्या तसं. स्वल्पविरामसुद्धा माझा.

तीन — सूट घातलेला एक सल्लागार. त्याच्या व्हिडिओत मागे पृथ्वी फिरते आणि तो बोट नाचवून सांगतो, "सिक्स पॉइंट एट!" स्रोत सांगत नाही. यंत्रवाल्याची जाहिरात मात्र मध्येच लागते.

चार — एआय. दादाने त्याला मराठीत विचारलं होतं. मीही विचारलं. उत्तर फार नम्र होतं. आधाराला पहिलं आणि दुसरं ठिकाण दिलं होतं.

आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या म्हणण्याला इतका मान मिळाला.

१० फेब्रुवारी

दादाला सरळ सांगून टाकावं. दोन वाक्यांचं काम आहे. फोन हातात घेतला, आणि मायसाठी भाकरी टाकायला उठले.

१२ फेब्रुवारी

ठरवलं — खरा आकडा शोधायचा. तो चांगला निघाला तर सांगायची वेळच येणार नाही. वाईट निघाला तर तोच पुढे करायचा. दोन्हीकडून माझी सुटका!

सरकारच्या साइटवर निर्यातीचे आकडे असतात. पण तिथे चिंचोका वेगळा नाही. इतर डिंका-पावडरींच्या घोळक्यात उभा केलाय, ओळखू येत नाही. मग पावडर करणाऱ्या कंपन्यांचे ताळेबंद बघितले. एकीचा धंदा वाढलाय, एकीचा बसलाय, आणि तिसरी कागदावर चिंचोक्याची असून विकते प्लॉट. दिवसभर मान मोडून काम केलं. वर्षभरात पहिल्यांदाच केलेलं हे संशोधन, आणि याचे पैसे कोणी देणार नाही.

निष्कर्ष — कोणालाच माहीत नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

लातूरला जाऊन आले. चिंचेचा हंगाम, सगळ्या बाजारभर आंबट वास. सिद्धलिंग नावाच्या आडत्याकडे गेले. चिंचेची आडत त्यांच्या वडिलांपासूनची. आधी त्यांना वाटलं मी टॅक्सवाली. मग "पाव्हणे कुठले तुमचे?" इथपासून चौकशी सुरू झाली. मायचं माहेर, मामाचं गाव, मामा काय करतो, सगळं विचारून घेतलं. आम्ही अहवालात 'स्रोताची विश्वासार्हता' म्हणतो ते हेच असावं. चहा आला तेव्हा कळलं की मी पास झाले.

"चिंचोके? ते कोण मोजून राहिलंय ताई! पोत्यानं येतात, ट्रकानं जातात. एखाद्या साली पुरत न्हाईत, एखाद्या साली कुणी हात लावत न्हाई."

मग म्हणाले, "ह्या महिन्यात तुम्ही दुसऱ्या. मुखेडचा एक कंडक्टर येऊन गेला. लई खोदून खोदून इचारलं त्यानं. चांगला माणूस."

माझा चहा कपातच राहिला. विचारलं, त्याला काय सांगितलं?

"हेच. म्हटलं, भरवशाचा धंदा न्हाई, नोकरी सोडू नका. तर म्हणला, तुमचं बरोबर आसंल मालक, पर आमच्याकडं पक्का आकडा हाय."

येताना बसमध्ये डोळे पुसले. शेजारच्या बाईने विचारलं, चिंच लागली का डोळ्याला? हो म्हटलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज मुखेडला गेले. सांगायचंच म्हणून गेले.

मनिषावहिनीने वरण-बट्टी केली होती. दादाने गच्चीवर कढईत चिंचोके भाजायला घेतलेले. भाजले की टरफल सुटतं, मग आत पांढरं निघतं, हे मला उत्साहाने दाखवत होता. माझ्या अहवालात ही कृती आहे, पान अकरा. पण भाजलेला चिंचोका मी आज पहिल्यांदा हातात घेतला. चटका बसला.

जेवताना वहिनी म्हणाल्या, "ताई, तुम्हीच सांगा बाई. मला तर झोप येईना झालीय." दादा हसून माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "हाव, सांग की! आपल्या घरात आकड्यातलं तुलाच कळतं. बरोबर हाय का न्हाई?"

सांगायची हीच वेळ होती. सगळे घास थांबवून माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "असले आकडे अंदाजे असतात."

"सहा पॉइंट आठ अंदाजे कसा आसंल गं?"

मी आणखी एक बट्टी वाढून घेतली.

२३ फेब्रुवारी

भित्री आहे मी. घाबरते कशाला, तेही माहीत आहे. नोकरी जाईल याला नाही. दादा गाडीत ओळखीच्या पॅसेंजरांना सांगतो — "आमची लुंबिनी, एम.कॉम." तो ते सांगायचा बंद होईल.

२ मार्च, सोमवार

शिल्पा मॅडमचा फोन. चिंचोक्यांची नवी आवृत्ती काढायची. "या वेळी ७.४ कर. मागणी वाढलीय."

मी विचारलं, कशावरून?

"आपलं फुकटचं सॅम्पल बघ ना, किती डाउनलोड झालंय! तेही नांदेड जिल्ह्यातून. तू मराठवाड्याचं लिहिलं होतंस ते अगदी खरं ठरलं. गुड वर्क."

हा दादाच. स्वतःचा फोन, ड्रायव्हरांचे, वहिनींचा, त्याच्या पोराचा. प्रत्येकावर त्याने ते सॅम्पल उतरवून ठेवलं असणार.

मॅडमना म्हटलं, ७.४ लिहिणार नाही. का, म्हणाल्या. मी म्हटलं, आधार नाही. मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "बरं, ७.२ कर."

मी काम सोडलं. मायला अजून सांगितलेलं नाही.

९ मार्च

आता गमवायला काही राहिलं नाही, तर सांगणं सोपं जायला हवं होतं. दादाला मेसेज लिहिला. पुसला. लिहिला. पुन्हा पुसला. शेवटी पाठवलं — 'दादा, राजीनामा देऊ नको. समोर येऊन कारण सांगते.' त्याने अंगठा पाठवला. अंगठ्याचा अर्थ काय धरायचा?

११ मार्च

शुक्रवारी सकाळच्या गाडीने मुखेडला जाते. या वेळी जेवायच्या आधी सांगणार. मायला म्हटलं, दादाकडे काम आहे. तिने वहिनीसाठी लसणाची चटणी बांधून ठेवली.

१३ मार्च, शुक्रवार

बसस्टँडवर होते तेव्हाच दादाचा फोन आला. "लुंबे, देऊन टाकला राजीनामा. आत्ताच!"

मी भर स्टँडवर ओरडले — दादा, तो अहवाल मी लिहिलाय! आकडा माझ्या मनाचा आहे!

तो हसला. "तू लिहिलाय ते म्हाईत हाय की मला. ऑगस्टात मायचं डोळ्याचं ऑपरेशन झालं तवा तुझ्याकडं होतो, तुला लिहिताना पाहिलं. तू बोलली न्हाईस, म्हून मीबी बोललो न्हाई. तू लिहिलाय म्हून तर नोकरी सोडली. दुसऱ्या कुणाचा असता तर मी भरोसा ठेवला असता व्हय?"

मग थांबला.

"मनाचा म्हंजे?"