वरच्या कडेचं गवत

रेवदंडा,
मंगळवार, मे महिना

प्रिय क्षिप्रा,

शाळेत सिस्टर आम्हाला पत्रलेखन शिकवायच्या. आधी समोरच्याची खुशाली, मग हवापाणी, मग घरची माणसं. आणि वाईट बातमी पहिल्या परिच्छेदात कधीही घालायची नाही, हा त्यांचा नियम. साठी उलटली तरी हात त्याच वळणाने जातो. तेव्हा आधी तू. टाके दुखायचे थांबले का? इरा रात्री झोपू देते का? परवा व्हिडिओत तिने जांभई दिली ती थेट तिच्या आजोबांची. अण्णा असते तर एवढ्या जांभईवर सगळ्या आळीत पेढे वाटून आले असते.

हवा विचारशील तर अंगाला चिकटणारी. सुपाऱ्यांच्या सावलीतही घाम सुटतो. आवडाबाई धारा काढताना पदराने मानेचा घाम पुसते आणि म्हणते, “बाई, यंदा दर्याच तापलाय, वारा कुठनं गार येणार?”

आता तुझं गवत. बाळंतपणाला निघताना गाडीत बसलीस, काच खाली केलीस आणि मला बजावलंस, “आई, बाकी काही बघू नका, गवत तेवढं जगवा.” दुसरी पोर असती तर नवऱ्याच्या जेवणाचं सांगून गेली असती. तू गेल्यापासून मी रोज सकाळी चहाच्या आधी वाडीच्या खालच्या अंगाला जाते. तुझ्या वडिलांच्या बांधावरून गोणपाटात गुंडाळून आणलेल्या त्या कांड्या तू मला लावायला शिकवल्या होत्यास: एक डोळा मातीत, एक वर, आणि जराशी तिरकी. मी मुंबईची मुलगी. लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंनी गाईला हिरवं आणायला सांगितलं, तर मी भाताची कोवळी रोपं विळ्याने कापून आणली होती. अण्णा महिनाभर हसत होते. “कॉन्व्हेंटात गवत नव्हतं वाटतं,” म्हणायचे. त्यांना दाखवायला हवं होतं, की पुरुषभर उंच हत्तीगवत मी माझ्या हाताने वाढवलंय.

तेव्हा गवत लावायची कुणाला गरजच नव्हती. दिवाळीनंतर आतल्या गावाहून बाळाजी पेंढ्याची गाडी घेऊन यायचा आणि आपल्या नारळांची पोती घेऊन परत जायचा. गेल्या दिवाळीत तो हात हलवत आला, ते तुला आठवत असेल. “वयनी, पेंढा हाय कुठं? कापणीलाच पाऊस. उभा भात झोपला, पेंढा काळा पडला. घालाल तर गुरांची पोटं फुगतील.” त्या रात्री अजेय जेवताना म्हणाला होता की वर्षभर चारा विकत घेऊन गाई पाळण्यापेक्षा तांबू गाईला कॉलेजात घालू, स्वस्त पडेल. सगळे हसलो. तू मात्र हसली नाहीस. गाई जायच्या नाहीत, इरा मोठी होऊन घरचंच दूध पिईल, असं तू बोललीस. तिचं नावसुद्धा तेव्हा ठरलेलं नव्हतं, पोटातल्या बाळाला तू ‘हे’ म्हणत होतीस.

अजेय तुला गवताचे फोटो पाठवतो ना? हिरवंगार, वाऱ्यावर डुलणारं? ते खरंच आहे गं. फक्त तो दरवेळी वरच्या कडेला उभा राहून फोटो काढतो.

खालच्या अंगाला, खाडीच्या बाजूला, होळी झाल्यावर आधी पात्यांचे शेंडे करपले. मला वाटलं ऊन. पाणी वाढवलं, तर जास्तच करपले. मग एका सकाळी ओळींच्या मधल्या मातीवर पांढरट साय धरलेली दिसली. मी बोट लावून जिभेवर ठेवलं. मीठ. क्षिप्रा, मी त्याला रोज दोन वेळा मीठच पाजत होते. आपली विहीर मचूळ झाली आहे. पलीकडे नवे बंगले झाले, त्यांच्या बोअरवेली रात्रंदिवस उपसतात, आणि गोडं पाणी मागे हटलं की खाडीचं आत सरकतं, असं तालुक्याहून आलेला माणूस सांगून गेला. अण्णांच्या वेळी मे महिन्यातसुद्धा या विहिरीचं पाणी पिऊन पाहुणे आणखी एक तांब्या मागायचे.

तांबू आता बादलीत तोंड घालते, थांबते आणि माझ्याकडे बघते. मग पिते. तहान आहे, करते काय? दूध निम्म्यावर आलंय. पिण्याला आपल्याकडे जार येतो, पण डाळ-भात, आंघोळ, धुणी विहिरीवरच. डॉक्टरांनी माझा रक्तदाब बघून मीठ कमी करायला सांगितलं. मी म्हटलं, मी घालतच नाही, ते आपलं आपण येतं. हसले. मीही हसले. वरच्या कडेच्या ओळी जगल्यात त्या जारच्या पाण्यावर. तांदूळ-भाजी मी मुद्दाम जारच्या पाण्यात धुते, ते धुवण आणि रोज संध्याकाळी जारमधला एक हंडा. अजेय ओरडतो, “आई, माणसांचं पाणी गवताला?” मी त्याच्याशी वाद घालत नाही. मला वाटत होतं, एक तरी हिरवी ओळ राहिली तर तू आल्यावर तुला तोंड दाखवता येईल.

अजेयवर रागावू नकोस. त्याने तुला विहिरीचं सांगितलं नाही, कारण त्याला भीती वाटते की एकदा कळलं तर तू परत यायचीच नाहीस. मला रात्री वाटते ती भीती वेगळी आहे. मला त्या बादलीशी इराचं टोपडं दिसतं, तिच्या आंघोळीचं पाणी दिसतं, आणि तांबूसारखी थांबून माझ्याकडे बघणारी तू दिसतेस.

हे फोनवर सांगितलं असतं, पण अजेय शेजारीच असतो आणि माझा आवाज खोटं बोलू शकत नाही. म्हणून आज औषध आणायच्या निमित्ताने अलिबागला जाऊन हे कुरिअर करते आहे. रविवारी तो गाडी घेऊन तुम्हाला न्यायला येईल. म्हणेल, आईने बोलावलंय, आईला नातीला बघायचंय. बघायचं तर आहेच. पाळण्याच्या कड्यांना मी दोनदा तेल दिलंय. पण मी बोलावलेलं नाही. तू येऊ नकोस. त्याला हे पत्र दाखव, पोटभर जेवू घाल, इराला तासभर त्याच्या मांडीवर दे, आणि गाडीत मागच्या सीटवर तुमच्या बांधावरच्या कांड्यांची एक मोळी ओल्या गोणपाटात बांधून ठेव. पावसाने जमीन धुतली की मी त्या वरच्या अंगाला लावीन, खाली नाही. विहिरीचं पाणी मी रोज चाखून बघते आहे. गोड लागलं की त्या दिवशी मी स्वतः तुला न्यायला येईन, अजेयला पाठवणार नाही.

तुझीच,
रेवदंड्याची आई