पाचवा खण

॥ श्री योगेश्वरी प्रसन्न ॥
घाटनांदूर, ९ फेब्रुवारी २०२५

ती. मंगलअक्कास विमलचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला घरचं ओरडून सांगवत नाही, म्हणून या कागदाच्या दोन्ही बाजू भरते.

आमच्या नंदिनीच्या आईचा, मंजुषाचा टीबी पार बरा झाला. ऐकून हात जोडले, आणि दुसऱ्याच दिवशी बाल कल्याण समितीचं पत्र आलं, की पंधरा दिवसांत मुलीला हजर करा. बाप वारलेला, आई दवाखान्यात, म्हणून सहा वर्षांची असताना समितीनं तिला आमच्याकडे सांभाळायला दिली, त्याला दोन वर्षं झाली. आता तुळशीला पाणी घातल्याशिवाय ती शाळेत जात नाही.

एक तुझ्यापासून लपवलं होतं. नवरात्रात योगेश्वरीला बोलले, की नंदिनी कायम आमच्याकडे राहिली तर पाच खण-नारळ वाहीन. विसरू नये म्हणून हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहिलंय. आता ते पान उघडवत नाही.

अंबाजोगाईला अशी मुलं सांभाळणाऱ्यांचा संगोपन पालक संघ आहे. हे म्हणतात, सभासद हो, ते तुझ्या बाजूनं बोलतील. मी म्हटलं, या वयात मोर्चात घोषणा द्यायच्या तेवढ्या राहिल्यात! काय करू ते कळव.

माया आहे तशीच ठेव.
तुझी विमल

शिरूर कासार, १६ फेब्रुवारी

चि. सौ. विमलला अ. उ. आ.

पत्र वाचलं, दोन्ही बाजू. समासातसुद्धा लिहिलंस! काटकसर करावी तर तू.

मोर्चाला कावून भितेस? काकड आरतीला सगळ्या आळीची झोप मोडणारी तूच ना?

इकडं अर्धं गाव ऊसतोडीला गेलंय, लेकरं आज्यांपाशी. उन्हाळ्यात आईबापांच्या टोळ्या परत आणणारा ट्रक दिसला की तीच लेकरं आजीचा पदर सोडून पळत सुटतात. शेजारची सरस्वतीबाई त्या दिवशी रडत नाही, चार भाकरी जास्त थापते. एकदा विचारलं, वाईट वाटत नाही का. म्हणाली, पळाली न्हाईत तर वाईट वाटंल.

नवसाचं म्हणशील तर रागावू नको, पण देवीकडं तू दुसरीच्या पोटचं मागितलंस. संघात जा. भांडायचं कशासाठी, ते तिथं जाऊन ठरव.

नंदिनीला पापा.
तुझं बरं चिंतणारी,
मंगलअक्का

घाटनांदूर, ३ मार्च

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

झाले एकदाची सभासद. फॉर्मवर 'मुलीशी नातं' असा रकाना होता, तिथं पेन थांबलं. संघाच्या सुकन्याताई म्हणाल्या, सांभाळते, एवढंच लिहा.

मला वाटलं, मूल ठेवून कसं घ्यायचं ते शिकवतील. तर पहिले बोलायला उठले सुंदरराव, रिटायर एसटी ड्रायव्हर. तीन लेकरं सांभाळून आपापल्या घरी पाठवली म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्यांचा लई राग आला. मग म्हणाले, दर वेळी नवरा-बायको दोघं रडतो, आणि पुढच्या लेकरासाठी चादर धुऊन ठेवतो.

सुकन्याताई आमच्यासोबत समितीपुढं आल्या. त्या म्हणाल्या, लेकरू आईकडं जावं, पण पोत्यासारखं उचलून नको; ज्यांनी सांभाळलं त्यांनाही विचारा. मग समितीतल्या बाईंनी मला विचारलं, ती कशाला भिते, झोपताना काय लागतं. अर्धा तास बोलले मी. ठरलं असं, की परीक्षेपर्यंत माझ्याकडं, दर रविवारी मंजुषानं भेटायला यायचं, आणि निकाल लागला की सिरसाळ्याला आईकडं जायचं.

काल पहिला रविवार. नंदिनी माझ्यामागं लपली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मग मंजुषानं फणी मागितली. माझ्यापुढं रोज डोकं हिसडणारी पोर तिच्यापुढं मांडी घालून गप बसली. मी आत गेले आणि चार भाकरी जास्त थापल्या.

नवस मागं घेता येतो का? कुणाला तरी विचारून कळव.

तुझा आशीर्वाद पाठीशी असू दे.
विमल

घाटनांदूर, १८ मे

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. देवी काही तुझी वही वाचत नाही, जाऊन तोंडानं सांग, असं लिहिलंस. तशी गेले.

नंदिनी दोन तारखेला सिरसाळ्याला गेली. काल मंजुषाच तिला घेऊन अंबाजोगाईला आली आणि आम्ही तिघी देवळात गेलो. नवस पुरा झाला नाही तरी पाच खण नेले, माफीचे समज. रांगेत मंजुषाला सगळं सांगून टाकलं. वाटलं, तोडून बोलेल. ती हसायलाच लागली. दवाखान्यातल्या खाटेवरून तिनंही याच देवीला साकडं घातलं होतं, लेक परत मिळू दे म्हणून. देवीची लई पंचाईत केली आपण, म्हणाली.

चार खण देवीला वाहिले. पाचवा घेऊन मंजुषाची ओटी भरायला वळले, तर ती मागं सरली, विधवेला चालत न्हाई म्हणाली. मागच्या बायका कुजबुजल्या. मी किती सोवळ्याची ते तुला ठाऊक. पण म्हटलं, जिच्या पदरात लेक परत आली तिची ओटी भरायची नाही, तर कुणाची? नारळ नंदिनीनं धरला होता. निघताना मला बजावून गेली, दिवाळीत येईन, तोवर तुळस वाळू देऊ नको.

पुढच्या रविवारी संघाची बैठक आहे. सुंदरराव म्हणतात, या वेळी तुम्ही बोला. टाळ्या पडतील. आता राग येणार नाही असं वाटतं.

सकाळी नंदिनीची चादर धुऊन वाळत घातली. हे चादरीचं दुसरं टोक धरून उभे राहिले.

माझ्यावरचा लोभ आणखी एकाला पुरेल एवढा राहू दे.
तुझी विमल