दोन दवाखान्यांच्या गोळ्या

प्रिय ढमे,

डॉक्टर झालीस तरी मी तुला ढमीच म्हणणार, त्याला इलाज नाही. दुकान बरं चाललंय. काल एका गिऱ्हाइकाचं पोट सुटलेलं, पण खापर माझ्या टेपवर. मापच चुकलं म्हणे! मी आपला हो म्हणालो.

तू दिलेली रक्तदाबाची गोळी रोज घेतो. जेवण इतकं अळणी झालंय की आईलाही माझी दया येते. तरी पाय सुजले आणि त्या दिवशी कापड बेतता बेतता डोळ्यांपुढे अंधारी येऊन मी टेबलावरच आडवा झालो. तू धावत आलीस. एवढ्याशा गोळीने असं कसं होतं, म्हणून नाही नाही त्या तपासण्या केल्यास. आणखी काही औषध घेता का, असं दोनदा विचारलंस. मी तुझ्या तोंडाकडे बघून नाही म्हणालो.

घेतो, ढमे. मला एचआयव्ही आहे. तू शाळेत होतीस तेव्हा कळलं. दोष माझाच, आईला सगळं ठाऊक आहे. ती निरोगी आहे, तिची तपासणी होत असते. तिने कधी टोमणाही मारला नाही, म्हणूनच जास्त मेल्याहून मेल्यासारखं होतं. गोळ्या बटणांच्या डब्यात ठेवतो, एकही चुकवत नाही, विषाणू दबलेला आहे. पण त्या गोळ्या देणाऱ्या दवाखान्यातही रक्तदाबाच्या गोळीबद्दल बोललो नाही. कुणी दिली विचारलं तर तुझं नाव निघेल आणि गोष्ट तुझ्या कानावर जाईल, ही भीती.

परवा तिथल्या डॉक्टरबाईंनी सुजलेले पाय पाहून मला फैलावर घेतलं, तेव्हा तुझ्या गोळीचं कबूल केलं. त्यांच्या एका औषधामुळे तुझी गोळी अंगात साचत राहते, म्हणून थोडीही जास्त होते म्हणे. रक्तदाब तर आटोक्यात ठेवायलाच हवा, या आजारात हृदयाला धोका अधिक. पण कुठली गोळी, किती, हे तुम्ही दोघींनी मिळून ठरवायला हवं, असं त्या म्हणाल्या.

तरीही मी गप्पच बसलो असतो. पण काल आईने सांगितलं की बाबांना चुकीची गोळी दिली म्हणून तू रडतेस, रक्तदाबाचे पेशंट दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवतेस. ते ऐकून स्वतःची किळस आली. तू चुकली नाहीस, बाळा. मी लपवलं. बाईंचा नंबर पत्रामागे आहे, त्यांना लगेच फोन कर. मला सवडीने केलास तरी चालेल. नाही केलास तरी समजून घेईन.

तुझाच,
बाबा