कार्डाला पाडलेल्या भोकाचा खुलासा

खोपट, ठाणे
१५ नोव्हेंबर १९९८

प्रिय शीला,

तुझं पाकीट परवा मिळालं. आत तुमच्या मस्कतच्या बँकेचा फॉर्म होता आणि त्याला टाचलेली तुझी तीन ओळींची चिठ्ठी. एरवी तुझं पत्र म्हणजे दोन्ही बाजूंनी भरलेले चार कागद, शिवाय समासात आडवा मजकूर, तो वाचायला कागद फिरवावा लागतो. या खेपेला तीनच ओळी. कार्ड कसं गेलं ते बँकेला लेखी हवं आहे, खाली दोन चौकोन आहेत, नवं कार्ड द्यावं किंवा तुझ्या खात्यावरचं हे माझ्या नावाचं दुसरं कार्ड कायमचं बंद करावं, त्यातल्या एकावर खूण करून अप्पांनी सही करावी. आणि शेवटी, 'तुम्हाला हवं ते करा.' तुझ्या आईने विचारलं, काय लिहिलंय पोरीने? मी म्हटलं, खुशाली.

तर खुलासा. एसटीत कंडक्टर म्हणून बत्तीस वर्षं काढली, खुलासे लिहिण्यात माझा हात धरणारा खोपट डेपोत कुणी नव्हता हे तुला ठाऊक आहे. गाडी उशिरा का आली, तिकिटांचे पैसे कमी का भरले, नारायणगावच्या बाईची कोंबडी टपावर न जाता सीटवर का बसली, सगळ्याचे खुलासे दिले. आमचे एक डेपो मॅनेजर म्हणायचे, महिपत, तुझा खुलासा लांबला की मला संशय येतो. हा लांबणार आहे. पण बँकेला पाठवायचा आहे तो निराळा, चार ओळींचा, फॉर्मवर लिहिला आहे. हा तुझ्यासाठी आहे.

पहिल्यापासून सांगतो. मे महिन्यात तू आणि उत्तमराव परत जायच्या आदल्या दिवशी तू ते निळं कार्ड माझ्या हातात ठेवलंस. वर उठावाच्या अक्षरांत माझं नाव. पैसे तुझ्या पगाराच्या खात्यात, मस्कतला, रियालमध्ये. आणि ते गोखले रोडच्या मशीनमधून रुपये होऊन निघणार. मला ते पटेना. दुसऱ्या राज्याच्या एसटीचा पास मी माझ्या गाडीत कधी चालू दिला नव्हता. तू हसलीस, म्हणालीस, अप्पा, हा सगळीकडे चालतो, कार्डावर जी खूण आहे ती मशीनवर असली की झालं. गुप्त नंबर विचारला तर म्हणालीस, तो तुम्हाला पाठच आहे, तुमच्या बिल्ल्याचा. चार आकडे. बत्तीस वर्षं छातीवर होते ते. शाळेत असताना दर रविवारी चिंच लावून तू तो बिल्ला घासायचीस. मस्कतला बसून तुला नंबर निवडायचा होता तर तू तोच निवडलास, हे ऐकून मला इतकं बरं वाटलं होतं, आणि मी मात्र तेव्हा म्हटलं, रघुदादाच्या घरी न्यायच्या आंब्यांची पेटी बांधली का?

आणि त्याच दिवशी तू आणखी एक बोललीस. आईचा एक डोळा दादाने केला, दुसरा माझा. मोतीबिंदू पिकला की याच कार्डावर ऑपरेशन करायचं. तुझी आई म्हणाली, वाटणी करा माझी. सगळे हसलो.

जूनमध्ये मी मशीनवर गेलो. गेलो म्हणजे तीनदा जाऊन परत आलो, चौथ्यांदा आत शिरलो. तिथे कुंडलिक नावाचा वॉचमन आहे, आपल्या ओतूरकडचा निघाला. त्याने शिकवलं. काका, काळी पट्टी खाली, आणि घाई नको, मशीन विचारेल तेवढंच सांगायचं. मशीन इंग्रजीत विचारत होतं. मी बिल्ल्याचा नंबर दाबला आणि पाचशे रुपये बाहेर आले. मस्कतहून ठाण्याला यायला त्यांना एक मिनिटसुद्धा लागलं नाही; आमची नगर गाडी तेवढ्या वेळात खोपटच्या फाटकाबाहेरही निघत नसे. मी नोटा घेऊन घरी आलो आणि देवापुढे ठेवल्या. तिथेच राहिल्या. तुझ्या आईने दोनदा विचारलं, आणल्या कशाला मग?

उत्तर तुला माहीत आहे. माझे वडील आत्याच्या गावाला जायचे तर भाकरी आणि पाण्याचा तांब्या घरून न्यायचे. तिच्या ओट्यावर बसून, स्वतःची भाकरी खाऊन, दुपारच्या गाडीने परत. आत्या दाराआड उभी राहून रडायची ते मी लहानपणी बघितलं आहे. दिलेल्या मुलीच्या घरचं घ्यायचं नाही. मी तांब्या नेत नाही, तुमच्याकडे येईन तेव्हा जेवेनसुद्धा. पण तो पैसा उत्तमरावांच्या घरचा, असं मनात बसलं होतं. तू नोकरी करतेस, खातं तुझं एकटीचं, उत्तमराव स्वतः म्हणतात की त्यात माझा काय संबंध. हे सगळं कळत होतं. कळून उपयोग होत नव्हता.

त्यात नवरात्रात टेंभी नाक्याला पोपट भेटला. आमच्याच डेपोतला, माझ्या मागून दोन वर्षांनी रिटायर झालेला. देवीच्या रांगेत दहा माणसांच्या देखत म्हणाला, "काय महिपतराव, मजा आहे बुवा तुमची! पोरीचं कार्ड, मशीनमधून पैसा. आम्हाला साल्या पोरीच नाहीत." तो थट्टेने म्हणाला. लोक हसले, मीही हसलो. दर्शन न घेता घरी आलो.

आपल्या घरात माझा तिकिटांचा पंच आहे ना, एकदा हरवला म्हणून पगारातून भरपाई कापून घेतली आणि मग गोधडीच्या घडीत सापडला, तो. नियमाने माझ्या मालकीचा. तो काढला आणि कार्डाला भोक पाडलं. प्लास्टिक जाड, दोन्ही हातांनी दाबावं लागलं. बरोबर काळ्या पट्टीवर पाडलं. पंच झालेलं तिकीट दुसऱ्यांदा चालत नाही, एवढंच डोक्यात होतं. तुझ्यावर राग नव्हता गं. पोपटवरही नव्हता. आणखी एकदा त्या मशीनपुढे उभं राहायचा मोह होऊ नये म्हणून मी ते रद्द केलं.

मग घाबरलो. तुझ्या आईला सांगितलं, हरवू नये म्हणून दोरी घालायला भोक पाडलंय. तिचा विश्वास बसण्यासारखंच होतं ते. माझं पेन दोरीला, चष्मा दोरीला, रॉकेलच्या डब्याचं झाकण दोरीला. कंडक्टरचं जे सुटं ते गेलं. मी खरोखरच दोरी ओवून कार्ड देवाजवळच्या खिळ्याला लटकवलं.

भाऊबीजेला शेजारच्या गोदूबाईंच्या फोनवर तुझा फोन आला. तू म्हणालीस, अप्पा, बँकेचा कागद दर महिन्याला येतो, जूनमध्ये त्यावर 'ठाणे' असं छापून आलं होतं, मी तो कागद उत्तमला दाखवला, फ्रीजवर चिकटवून ठेवला. त्यानंतर एकदाही ठाणे आलं नाही. का? खरं सांगायची ती वेळ होती. गोदूबाई चकल्यांची ताटली घेऊन समोर उभ्या, तुझी आई शेजारी, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, कार्ड मशीनने गिळलं, नवरात्रातच. तू म्हणालीस, "दादाचं पाकीट चालतं, माझं कार्ड तेवढं अडकतं. माझं काहीच चालत नाही का तुम्हाला?" मी काही बोलायच्या आत तू म्हणालीस, मेमध्ये आमचं यायचं जमेलसं दिसत नाही. फोन ठेवलास. रघु दर एक तारखेला डोंबिवलीहून येतो, टेबलावर पाकीट ठेवतो आणि मी ते न मोजता कपाटात टाकतो, हे खरं आहे. त्याच्या वेळी मला कधी वडिलांचा तांब्या आठवला नाही.

घरी आल्यावर तुझ्या आईने खिळ्यावरून कार्ड काढलं, बोटाने चाचपलं आणि परत लावलं. मला वाटलं निभावलं. दुसऱ्या दिवशी मी पेन्शनच्या कामाला कल्याणला गेलो होतो. परत आलो तर ही पायरीवर बसलेली, साडी गुडघ्यापाशी मळलेली. दोरी तेवढी हातात. म्हणाली, "देऊन आले तुमचं कार्ड मशीनच्या तोंडात. वॉचमन नको नको म्हणत होता, भोकाचं आहे, परत येणार नाही. म्हटलं, नकोच आहे परत. पोरीशी खोटं बोललात, ते खरं करून आले. पुढचं तुमचं तुम्ही बघा." मी विचारलं, तुला कसं कळलं? तर म्हणाली, "दोरीचं भोक कोपऱ्यात पाडतात, पट्टीवर नाही. मला नीट दिसत नाही म्हणजे कळत नाही असं नाही."

म्हणजे आता फॉर्मवर 'मशीनने गिळलं' असं लिहिलं तर ते शंभर टक्के खरं आहे. कुंडलिक साक्षीला आहे. दुसऱ्या चौकोनावर खूण केली, सही ठोकली की विषय संपला. तू म्हणशील अप्पांचं नशीब, मशीन म्हणेल माझं पोट भरलं. बत्तीस वर्षांत इतका पक्का खुलासा माझ्या हाती कधी लागला नव्हता, आणि तो तुझ्या आईने आणून दिला. दोन दिवस फॉर्म समोर ठेवून बसलो. खूण करता येईना.

शीला, साडी का मळली होती ते मी दुसऱ्या दिवशी कुंडलिकला विचारलं. मशीनच्या दाराशी एक पायरी आहे, दोन इंचांचीसुद्धा नसेल. ती तिला एका डोळ्याने दिसली नाही. पडली. कुंडलिकने उठवलं, हाताला धरून आत नेलं, कार्ड कुठे घालायचं ते तिचं बोट धरून दाखवलं. आता जे लिहितो आहे ते फोनवर सांगण्याची माझी हिंमत नव्हती म्हणूनच हे पत्र. मोतीबिंदू गणपतीच्या आधीच पिकला आहे. डॉक्टर म्हणाले, लगेच करून घ्या. मी घरी येऊन सांगितलं, अजून कच्चा आहे, थांबायला सांगितलंय. रघुच्या डोक्यावर नव्या ब्लॉकचे हप्ते, त्याच्याकडे पुन्हा मागायचं नव्हतं. आणि तुझं कार्ड वापरायचं नव्हतं. माझा ताठा सांभाळायला मी तुझ्या आईला तीन महिने एका डोळ्याने आंधळं ठेवलं. काल हे तिला सांगितलं. ती म्हणाली, ते पोरीला सांगा, डोळा तिच्या वाटणीचा आहे. मी चुकलो, बाळ. पहिल्या चौकोनावर खूण केली आहे, सही केली आहे, फॉर्म सोबत आहे. मला पैसे लागणार आहेत आणि ते मला तुझ्याकडून हवे आहेत. उत्तमरावांचे मित्र मंगळवारी मस्कतला निघतायत, त्यांच्या हाती चकल्यांचा डबा देतो आहे, त्यात तळाशी पंच आहे. तो तुझ्याकडेच ठेव. डॉक्टरांनी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख दिली. मागच्या वेळी त्यांच्या कागदावर जबाबदार नातेवाईक म्हणून रघुचं नाव होतं. या वेळी मी तुझं लिहून आलो आहे.

तुझाच,
अप्पा