दीड इंच माया

आई, तुझी मशीन आता मी चालवतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुला ठसका लागायला नको. तू होतीस तोवर मला तिच्या चाकाला हात लावायची परवानगी नव्हती, आणि तू गेल्यावर सव्वीस वर्षं ती आमच्या बोरिवलीच्या घरात खिडकीखाली नुसती उभी होती. तिच्यावर आधी टेलिफोन होता, मग टीव्ही आला, मग इस्त्रीला द्यायच्या कपड्यांचा ढीग. दसऱ्याला तेवढं तिला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल मिळायचं. गेल्या वर्षी मी रिटायर झालो. चाळीस वर्षं लोकांच्या यंत्रांची ड्रॉइंगं काढणारा माणूस घरी बसला की काय करणार, मी स्वयंपाकघरातल्या डब्यांना लेबलं लावायला घेतली. "तूरडाळ, अर्धा डबा" असं मोजमापासकट. तिसऱ्या दिवशी तुझी सून म्हणाली, "अहो, काहीतरी छंद लावून घ्या. नाहीतर मलाही एक लेबल चिकटवा आणि फळीवर ठेवून द्या." तेव्हा माझं लक्ष मशीनकडे गेलं.

दुरुस्तीला जोगेश्वरीहून एक माणूस आला. त्याने पट्टा नवा घातला, तेल सोडलं, चाक फिरवून कान लावला आणि म्हणाला, "काका, मशीन एकदम झकास आहे. तुमच्यापेक्षा जास्त टिकेल." मशीन टिकली, पण माझे पाय तिला पटेनात. कुठला दांडा कुठल्या चाकाला ओढतो हे मी कागदावर काढून दाखवू शकतो, पण पाय ठेवला की चाक उलटं फिरे आणि दोरा तुटे. दोरा ओवायला चष्मा, बॉबिन बसवायला दुसरा चष्मा. लहानपणी मी तुझ्या मशीनच्या बाजूला जमिनीवर बसून अभ्यास करायचो, तेव्हा तुझे पाय माझ्या डोळ्यांसमोर असायचे. आधी टाच, मग चवडा, आणि वर तू कुणाशी तरी गप्पा मारत असायचीस. मला वाटायचं पाय आपोआप हलतात. दोन महिन्यांनी माझे हलायला लागले. मग मी उशांचे अभ्रे शिवले, आणखी अभ्रे शिवले, बाजाराच्या पिशव्या शिवल्या. घरात आता उशा चार आणि अभ्रे बावीस आहेत. खालच्या मजल्यावरचे लोक विचारून गेले की तुमच्याकडे गिरणी घातली का.

कात्रीचंही सांगतो. तुझी मोठी कात्री मी पतंगाच्या कागदाला लावली होती तेव्हा तू लाकडी फूटपट्टीने माझ्या पोटऱ्यांवर दोन दिल्या होत्यास. कापडाची कात्री कागदाला लावली की तिची धार जाते, हे मला त्या दिवशी पायांतून समजलं. परवा तुझ्या नातीने त्याच कात्रीने कुरिअरचं खोकं उघडलं. मी जे ओरडलो ते माझ्या आवाजात नव्हतंच. "मेल्या" असंसुद्धा म्हणालो. ती तीस वर्षांची मुलगी, कात्री हातात धरून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, मेल्या मुलांना म्हणतात ना?"

आता मुद्द्यावर येतो. मायेच्या.

शिलाईच्या आत, कापलेल्या कडेपर्यंत जे जास्तीचं कापड सोडायचं त्याला माया म्हणतात, हे मी तुझ्याकडून शिकलो तेव्हा या शब्दाला दुसरा काही अर्थ असतो हे मला ठाऊक नव्हतं. चाळीतल्या बायका ब्लाऊजपीस घेऊन आपल्या दारात यायच्या आणि त्यांचं आणि तुझं भांडण नेहमी यावरूनच व्हायचं. कुणी म्हणायची, अगं जास्त माया ठेव, पोरं झाल्यावर अंग सुटतं. तू म्हणायचीस, दीड इंच. त्याहून एक दोरा जास्त नाही. माझ्या शाळेच्या खाकी चड्ड्यांना मात्र खाली दुमडून ठेवलेलं कापड असायचं आणि दर जूनमध्ये तू ते उसवून चड्डी लांब करायचीस. जुन्या घडीची फिकट रेघ तशीच राहायची. चौथीत माझ्या चड्डीवर तीन रेघा होत्या. वर्गातली मुलं त्या मोजून माझी इयत्ता सांगायची.

त्याच चौथीत बाईंनी शब्दांचा वाक्यात उपयोग करायला दिला. शब्द होता माया. मी लिहिलं, "आईची माया दीड इंच असते." बाईंनी ते वर्गात मोठ्याने वाचलं. सगळा वर्ग हसला, बाईसुद्धा हसल्या, आणि मग हसल्याचा राग आल्यामुळे की काय, त्यांनी मला "आईची माया अथांग असते" हे दहा वेळा लिहून आणायला सांगितलं. मी घरी येऊन लिहायला बसतो. तू मशीनवरून वाकून बघतेस. तुला अक्षर लावून लावून वाचता यायचं.

"अथांग म्हंजे किती रे?" तू विचारतेस.

"मोजता येत नाही एवढी."

"मगे कापड कापूचा कसा?"

मी तुला पहिलं वाक्य दाखवतो, लाल शाईने खोडलेलं. तू ते पुन्हा लावून वाचतेस आणि म्हणतेस, "ह्या बरोबर लिवलंस. बाईक सांग, दीडच इंच ठेवची. जास्त ठेवल्यार फुगता." मी बाईंना काही सांगितलं नाही. दहा वेळा अथांग लिहिलं आणि दिलं. पण खरं सांगू का, मला तेव्हा बाईंचं नाही, तुझंच वाईट वाटलं होतं. बाकीच्यांच्या आयांची माया अथांग, आणि आपल्या आईची दीड इंच. ते कुठेतरी बसलं. पुढे तू कधी जवळ घेतलं नाहीस, कौतुक करताना "ठीक आसा" याच्या पुढे गेली नाहीस, तेव्हा तेव्हा मला ते वाक्य आठवायचं आणि वाटायचं, मोजून दिलेली आहे, संपली असेल.

या वर्षी तुझ्या नातीचं लग्न ठरलं. नोंदणी करायची आणि सोसायटीच्या हॉलमध्ये जेवण, एवढंच. तिने कपाट उपसून तुझी जांभळी साडी काढली. आठवते का, ही जन्मली त्या वर्षी मी तुला दिवाळीला आणली होती ती. तू म्हणाली होतीस, "माका खंय जावचा आसा?" आणि तिचा ब्लाऊज मात्र दुसऱ्याच दिवशी शिवायला घेतला होतास. दोनदा नेसलीस. मग दुखणं आलं. साडीच्या घडीत तो ब्लाऊजही होता.

"बाबा, मला हीच नेसायची आहे, आणि ब्लाऊजपण आजीचाच," ती म्हणाली. "तिची मला काहीच आठवण नाहीये यार. निदान हे तरी."

तिने घालून बघितला. तुझी छाती तीस, तिची सदतीस. हुक एकमेकांच्या गावातसुद्धा नव्हते. ती म्हणाली, "उसवून तर बघ ना, आत कापड असेल." मी हसलो. मी तिला कागद घेऊन समजावलं. दोन बाजू, प्रत्येक बाजूला पुढचं आणि मागचं पान, म्हणजे चार पदर. आजीची माया दीड इंच. चोक सहा. त्यातलं शिलाईला जाणार ते वेगळंच. आपल्याला हवेत सात. विषय संपला. "उसवायची काही गरज नाही," मी म्हणालो, "आजीचा नियम मला पाठ आहे. मी नवा शिवतो, याच साडीतून." साडीची आतली, खोचायची बाजू असते, तिथलं मीटरभर कापायचं ठरवलं. निऱ्या दोन कमी पडल्या असत्या, बाकी काही नाही.

मी त्या ब्लाऊजचं असं ड्रॉइंग काढलं की तू बघत राहिली असतीस. मध्यरेषा, मापांचे बाण, टकांचे कोन. कोपऱ्यात टीपही लिहिली: माया वेगळी धरावी. चाळीस वर्षं मी वर्कशॉपमधल्या लोकांवर ओरडत आलो की ड्रॉइंगखालच्या टिपा कोणी वाचत नाही. रविवारी दुपारी डायनिंग टेबलावर साडी पसरली. तुझी सून म्हणाली, "परत एकदा बघा हं, साडीला कात्री लावताय." मी म्हणालो, "मिलिमीटरचा फरक पडणार नाही." आणि पडला नाही. मी अगदी रेषेवरून कापलं. रेषेबाहेर एक दोरा सोडला नाही. आमच्या धंद्यात रेषा म्हणजे रेषा.

शिवून झाल्यावर कळलं. शिलाईने चारी पदरांतून अर्धा अर्धा इंच खाल्ला आणि सदतीसचा ब्लाऊज पस्तीसचा झाला. मुलीने तो कसाबसा चढवला, हुक ओढून धरले आणि विचारलं, "बाबा, श्वास घ्यायचाय की नाही?" तेवढ्यात बाहीची शिलाई गेली. तुझी सून दारात उभी होती. ती फक्त "लागली वाट" एवढंच म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. मुलगी चिडली असती तर बरं झालं असतं. ती ब्लाऊज काढून, नीट घडी करून माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "असू दे रे बाबा. रेडिमेड घेऊ." आणि साडीवरून एकदा हात फिरवून आत गेली. कापलेली साडी, फाटलेला ब्लाऊज आणि आजीची आठवण नसलेली मुलगी. मला त्या टेबलाखाली जाऊन बसावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नव्हतं. तुझा ब्लाऊज मी उलटा केला. काही मिळेल म्हणून नाही. तू कसं करायचीस ते बघावं, एवढंच. आत दोन्ही बाजूंना कापडाची एक घडी होती, बारीक हातशिलाईने टाचलेली, बाहेरून फुगू नये म्हणून. तू अर्धं ब्लेड वापरायचीस उसवायला, मीही तेच घेतलं. घडी सुटली तर आतलं कापड गडद जांभळं, काल दुकानातून आणल्यासारखं. मी टेप लावला. मग चष्मा बदलून पुन्हा लावला. सव्वादोन इंच. चारी पदरांना. बाह्यांनाही तेवढीच. प्रत्येक पदरात अर्धा इंच शिलाईला ठेवला तर पावणेदोन सुटतात, चार पावणेदोन सात. तीस आणि सात सदतीस. मी कॅल्क्युलेटरवरसुद्धा करून बघितलं.

आई, हिच्या बारशाला तू हिला उचलून बघितलं होतंस आणि म्हणाली होतीस, "चेडू हाडापेरान मोठा आसा. आमच्यावर गेला नाय." पोरीला हाडाने मोठी म्हटलेलं तुझ्या सुनेला टोमण्यासारखं लागलं होतं, आठवडाभर ती माझ्याशी धड बोलत नव्हती. त्यानंतर दोन महिन्यांनी तू हा ब्लाऊज शिवलास. जन्मभर कुणाला दीडच्या वर एक दोरा दिला नाहीस आणि इथे सव्वादोन सोडलीस, तीही फुगू नये म्हणून लपवून टाचून. आता तू म्हणशील, कापड उरला होता म्हणून सोडला. तसंही असेल. मी काही तुला विचारायला येत नाही इतक्यात. पण त्या दुपारी मी मशीनवर डोकं ठेवून रडलो, साठीच्या माणसाने रडावं तसं, आवाज न करता आणि नाक पुसायला बावीसपैकी एक अभ्रा घेऊन.

ब्लाऊज हिला असा बसला की हिने हात वर करून, वाकून, बसून, सगळं करून दाखवलं. बगलेखाली दोन्ही बाजूंना गडद पट्टा दिसतो, बाकीचं विटलेलं आहे. मी म्हटलं रंग करून घेऊ. ती म्हणाली, "हात नको लावूस त्याला." साडीला दोन निऱ्या कमीच पडल्या. त्या माझ्या.

हे पत्र मशीनच्या खणात ठेवतो, बॉबिनच्या डबीखाली. दुसरा पत्ता तुझा मला माहीत नाही. एक कबूल करायचं मात्र राहिलं. हॉलमध्ये जेवताना विहीणबाईंनी हिला विचारलं, ब्लाऊज कुणी शिवला गं, किती छान बसलाय. ही म्हणाली, "बाबाने." ती मला चिडवत होती, माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होती. मी तेव्हा खरं सांगायला हवं होतं. मी पुरणपोळीचा तुकडा मोडत मान हलवली आणि म्हणालो, "ठीक आहे, जमला." चार बायकांनी मापं द्यायची तयारी दाखवली आहे. ब्लाऊज तू शिवलास, आई. मी फक्त उसवला.