नवऱ्याची ना-हरकत

७ जाने., धुळे
जळगावच्या जर्मन क्लासच्या सरांनी फाईल परत केली. पदवी, नर्सिंगची नोंदणी, अनुभवाचे दाखले 'प्रतिभा'चे. पासपोर्ट 'ऋतुजा'चा. "मॅडम, जर्मनीने व्हिसा द्यायचा कोणाला?"
लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं यांनी, कारण नणंदही प्रतिभा. एका घरात दोन चालत नाहीत म्हणे. नणंद केव्हाच सासरी गेली, तिचं नाव शाबूत. निस्तरायचं मी.

८ जाने.
ठरवलं. आईबापाने ठेवलेलं नाव परत घ्यायचं, माहेरच्या आडनावासकट. पासपोर्ट तेवढा बदलला की झालं.
सासूबाई पेटल्या. "या नावमा काय वाईट शे? बठ्ठं गाव हासी!"
हसू दे. गाव माझ्या नाईट ड्युट्या करायला येत नाही.

११ जाने.
असोद्याहून अक्काचा फोन. थोरली बहीण, सल्ले फुकट. "दुबईला जा ना, सोपं आहे." सोपं आहेच, पण काम संपलं की उचला चंबूगबाळं. इंग्लंडचे नियम रोज फिरतात. मला राहायचंय गं बाई, कायमचं! जर्मनीत काही वर्षं नोकरी, भाषा पक्की, मग राहता येतं.
"अन् दाजी?"
दाजींनाही मागून नेता येईल. पण आधी जर्मनची पहिली परीक्षा द्यावी लागेल. तिथेच तर घोडं अडलंय.

१२ जाने., रवि.
महाशयांना क्लासला नेलं. पूर्ण वेळ मोबाईल. परतीच्या बसमध्ये पारोळ्याला फुटले. "बायकोच्या मागे शाळेत जाऊ मी? खताचं दुकान सोडून? तिकडे तू साहेबीण अन् मी काय भांडी घासू?"
म्हटलं, इथे मी घासतेच ना.
अख्खी बस ऐकत होती. ऐकू दे.

१६ जाने.
नावबदलाच्या गॅझेटची कामं करणारा म्हणतो, लग्नानंतर माहेरचं नाव परत लावायला नवऱ्याची ना-हरकत लागते. वा रे वा! पुसताना मला कोणी विचारलं होतं?
कागद महाशयांपुढे ठेवला.
"नाही देत सही. काय करशील?"

२० जाने.
सासूबाई एकदम गोड. भरीत, कळण्याची भाकर. मग मुद्दा: आधी नातू दे, मग सही. म्हणजे झालंच. भरीत फक्कड होतं, त्याचाच जास्त संताप आला.

२३ जाने.
मला नोकरी देऊ केलेलं जर्मनीतलं हॉस्पिटल वर्षभर जागा धरेल, पुढे नाही. सरांनी स्पष्ट सांगितलं.
यांच्यापुढे हात जोडले. मी! "आई म्हणेल तसं," म्हणाले. चाळिशी आली बाप्याची.

२७ जाने.
वकीलबाईंकडे गेले. ना-हरकत नसेल तर काय चालतं? "घटस्फोटाचा हुकूम." तिसरा रस्ता विचारला. नाही म्हणाल्या.

२८ जाने.
जेवताना यांनीच काढलं. "वकिलाकडे कशाला गेली होतीस?"
तुमच्या सहीऐवजी दुसरा एक कागद चालतो म्हणे.
"कोणता?"
सांगितला. आवाज चढवला नाही, नवलच. सासूबाईंनी टीव्ही बंद केला. हे ताट तसंच ठेवून उठले.
मग हात धुऊन आले. "आण तो ना-हरकतीचा कागद."
दिला. पेनही दिलं.
आता बाहेर पेन धरून बसलेत. सही केली तर बायको जाते, नाही केली तरी जातेच. बसू दे.