आमच्या घराण्यात तसलं काही नाही

३ मार्च, सोमवार
आज एका माणसाच्या मूलभूत हक्कांची दिवसाढवळ्या हत्या झाली. तो माणूस मी. पेंटच्या कारखान्यातल्या मिक्सिंग रूमचा इनचार्ज. इतकी वर्षं ड्रमच्या कडेवर कप ठेवून चहा प्यायलेला. नव्या सेफ्टी ऑफिसर ऋजुता मॅडमचं फर्मान : मिक्सिंगमध्ये चहा बंद. गेटपाशी जाऊन प्या. तिथे पोचेपर्यंत चहावर साय! कारण विचारलं तर म्हणाल्या, सॉल्व्हंट नाकातून जातं तसं तोंडातूनही जातं, सर. आणि मास्क लावत जा. मी हसलो. रोज थिनरने हात धुतो. काय झालंय मला?
संकल्प : शिस्तीत आपणच पुढे राहायचं.

५ मार्च
शिस्त सुरू. संचिताला मिक्सिंगमधून पॅकिंगला हलवलं. नुकतं लग्न झालंय, उद्या काही कमी-जास्त झालं तर? बायकांचं शरीर नाजूक. केवढी ही दूरदृष्टी! आभाराची अपेक्षा नव्हतीच, पण बाई फणकारली. म्हणाली, सर, पॅकिंगला ओव्हरटाइम नसतो. आणि माझा नवरा तुमच्याच रूममध्ये ढवळतोय, त्याला ठेवलंत ना वाफेत? पोरं काय आम्ही एकट्याच जन्माला घालतो?
सगळे खिदळले. उद्धटपणा, दुसरं काय.

८ मार्च
महिला दिन. कंपनीत माझ्या हस्ते गुलाब वाटप. संध्याकाळी बायकोला, उत्तराला, सोनोग्राफीहून आणलं. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. इंजेक्शनांनी तिचं पोट निळं पडलंय. मी फार आधार देतो. रिक्षा नेहमी मीच थांबवतो.
डॉक्टरीणबाई पुन्हा म्हणाल्या, मिस्टरांची तपासणी राहिलीय. उत्तरा म्हणाली, अजून किती वर्षं राहणार आहे रे? आमच्या घराण्यात तसलं काही नाही, असं मी शांतपणे सांगितलं. मग जरा मोठ्याने सांगितलं.

११ मार्च
तपासणी दिली. केवळ दोघींची तोंडं बंद करायला. रिपोर्ट आला की फ्रेम करणार.

१३ मार्च
लॅबची चूक.

२१ मार्च
दुसऱ्या लॅबचीही तीच चूक. संख्या फार कमी, हालचाल त्याहून कमी.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काम काय करता? सांगितलं. मास्क? लावायला सांगतो, म्हणालो. तुम्ही लावता का? टेबलावर गर्भाशयाचं प्लास्टिकचं मॉडेल होतं, ते बघत बसलो. म्हणाल्या, त्यानेच झालं असं छातीठोक नाही सांगता येणार. पण अशा वाफांचा पुरुषांवरही परिणाम होतो, बायकांवरही. मग सहज विचारावं तसं : युनिफॉर्म घरी कोण धुतं?
उत्तरा म्हणाली, मी. हाताने. मशीनला वास लागतो.
माझ्याकडे बघितलंही नाही तिने.
संकल्प : रविवारी दिवा गावात चुलतभावाच्या बायकोचं डोहाळजेवण. अख्खं घराणं जमणार. तिथे उभं राहून सांगायचं की दोष माझ्यात आहे. भाषण तयार. सुरुवात फारच छान झालीय.

२३ मार्च, रविवार
ओटी भरायला एकेक सवाष्ण उठत होती. उत्तरा उठली. आई म्हणाली, तू राहू दे गं, तू आइस्क्रीमचं बघ. हॉलमध्ये सगळ्यांनी ऐकलं.
मी उभा राहिलो. सगळे माझ्याकडे बघायला लागले.
मी विचारलं, पंखा वाढवू का?
वाढवला. बसलो.
उत्तराने सगळ्यांना आइस्क्रीम दिलं. माझ्यापाशी येऊन म्हणाली, व्हॅनिला की पिस्ता? मी पिस्ता म्हणालो.

२४ मार्च
मास्क लावला. संचिताचा नवरा बघत राहिला. त्यालाही दिला. ऋजुता मॅडमना म्हटलं, संचिताचा ओव्हरटाइम बुडतोय, त्याचं काय करायचं? म्हणाल्या, हा प्रश्न तिला हलवायच्या आधी पडायला हवा होता, सर.
घरी येऊन युनिफॉर्म वेगळ्या बादलीत घासला. मग आईला फोन. भाषणातलं एकही वाक्य आठवेना. म्हणालो, आई, उत्तरामध्ये काही दोष नाही. माझ्यात आहे. तपासून घेतलंय.
आई म्हणाली, हे तिने सांगायला लावलं का रे?
नाही म्हणालो. म्हणालो, ती कधीच काही बोलली नाही गं.
आई म्हणाली, दे तिच्याकडे फोन.
दिला. युनिफॉर्म घेऊन गॅलरीत गेलो. तिच्या साड्यांपासून लांब वाळत घातला.